श्रद्धा कशाला म्हणावे?

(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला बोलण्यासाठी श्रद्धा हा विषय दिला, तो उगाच दिलेला नाही. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत सतरंज्या गोळा करीत असताना बारावी सायन्सच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला गाठले आणि विचारले, "काका, आपला धम्म बुद्धिवादी आहे असे तुम्हीच सांगता. मग आपण रोज वंदना कशाला म्हणायची? मेणबत्ती कशाला लावायची? श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत नेमका फरक काय?" आम्ही त्याला त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. तो मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसलेला आहे. त्याचे नाव आम्ही घेत नाही, परंतु आजचे भाषण हे त्याच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

बंधू-भगिनींनो, श्रद्धा या शब्दाचीच आपल्या समाजाला भीती वाटते, आणि त्याला कारण आहे. श्रद्धेच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके काय काय सोसावे लागले ते या सभेत सांगण्याची गरज नाही. देवीला मुले सोडली, कोंबड्या-बकऱ्या कापल्या, आजारी मुलाला डॉक्टरऐवजी भगताकडे नेले. हा सारा अनुभव पाठीशी असल्यामुळे श्रद्धा म्हटले की आपला सुशिक्षित तरुण अंग चोरतो. पण म्हणून हा शब्दच टाकून द्यावा काय? तसे करता येणार नाही. कारण भगवान बुद्धांनी सांगितलेल्या पाच इंद्रियांत सद्धा हेच पहिले आहे. सद्धा, विरिय, सति, समाधि आणि पञ्ञा असा तो क्रम आहे. प्रज्ञा शेवटी येते आणि सद्धा आरंभी. हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

आमच्या विद्यार्थी मित्राला आनंद वाटेल अशी एक गोष्ट मज्झिम निकायात आहे. कोसल देशात ओपासाद नावाच्या गावी चंकी नावाचा मोठा ब्राह्मण भगवंतांच्या भेटीला आला. त्याच्याबरोबर वृद्ध ब्राह्मणांचा मेळा होता आणि त्या मेळ्यात कापठिक नावाचा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. वडीलधारी मंडळी बोलत असताना हा मुलगा मधेच तोंड घालीत होता. भगवंतांनी त्याला थोडे थांबायला सांगितले, पण पुढे बोलण्याची संधीही दिली. त्याने विचारले की, आमचे जुने मंत्र परंपरेने चालत आलेले आहेत आणि तेवढेच खरे असे आमचे लोक म्हणतात, यावर आपले काय म्हणणे? भगवंतांनी त्याला उलट विचारले की, हे मी स्वतः जाणतो, स्वतः पाहतो, असे म्हणणारा तुमच्यात एक तरी आहे काय? सात पिढ्या मागे गेले तरी कोणी आहे काय? मुलाला नाही म्हणावे लागले. मग भगवंतांनी एकामागे एक हात धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दाखला दिला. पहिल्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, शेवटच्यालाही दिसत नाही. मुळाशी काहीच नसलेली श्रद्धा ती ही.

इथवरची गोष्ट आपण सर्वजण सांगतो. पुढची फारसे कोणी सांगत नाही, आणि ती तर अधिक महत्त्वाची आहे. भगवंतांनी त्या मुलाला सांगितले की, माणसाची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा असेल तर त्याने 'ही माझी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे. एवढेच म्हणेल तोवर तो सत्याचे रक्षण करतो. हेच खरे आणि बाकी सारे खोटे, असे त्याने इतक्यात म्हणू नये. त्यानंतर गुरूची पारख कशी करावी तेही सांगितले. त्याच्या ठिकाणी लोभ आहे का, द्वेष आहे का, मोह आहे का, हे पाहावे. ही पारख झाल्यावर मग श्रद्धा ठेवावी. श्रद्धा ठेवली की माणूस जवळ जातो, कान देतो, ऐकलेले ध्यानात ठेवतो, त्याचा अर्थ तपासतो, त्याला उत्साह येतो, तो तोलून पाहतो आणि झटू लागतो. म्हणजे श्रद्धा ही तपासणीच्या नंतर येते आणि पुन्हा पुढच्या तपासणीच्या आधीही येते. परीक्षा देऊन आत गेलेला विद्यार्थी पुढच्या वर्गाच्या परीक्षेला बसतो, तसेच हे आहे.

आता बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकापासून मोजले तर एकोणपन्नास वर्षे आणि येवल्यापासून मोजले तरी एकवीस वर्षे! इतका काळ पारख चालली होती. नंतर मात्र मागे पाहिले नाही. प्रकृती साथ देत नव्हती. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतल्यावर त्याच महिन्याच्या २५ तारखेला देहूरोडच्या विहारात त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. जो माणूस एकवीस वर्षे तपासतो तोच मूर्तीपुढे हातही जोडतो. या दोहोंत विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी यावर जरूर विचार करावा.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले. राजा मिलिंद वाद करणारा होता, त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. भिक्खू नागसेनापुढे मात्र त्याने आपली हार प्रामाणिकपणे मान्य केली. त्या दोघांच्या संवादाचा 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ आहे आणि त्यात राजा नागसेनाला विचारतो की सद्धेचे लक्षण काय? नागसेन दोन लक्षणे सांगतो.

पहिले लक्षण निवळण्याचे. एक चक्रवर्ती राजा सैन्यासह लहानसा ओढा ओलांडतो. हत्ती, घोडे, रथ, पायदळ यांनी पाणी ढवळून निघते, गाळ वर येतो. पलीकडे गेल्यावर राजा प्यायला पाणी मागतो. पाणी स्वच्छ करणारा एक मणी त्याच्यापाशी असतो, तो पाण्यात टाकला की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. श्रद्धा मनाचे असेच करते.

दुसरे लक्षण उडी मारण्याचे. डोंगरावर मोठा पाऊस होऊन नदीला पूर आलेला आहे. काठावर माणसांची गर्दी उभी आहे. नदी किती रुंद, किती खोल याचा कोणाला अंदाज नाही. इतक्यात एक माणूस येतो. तो आपले बळ नीट ओळखून असतो. कासोटा घट्ट आवळतो आणि उडी मारून पलीकडे जातो. त्याला पार झालेला पाहून बाकीचेही पार होतात.

ध्यानात घ्या, तो आपले बळ ओळखून उडी मारतो. डोळे मिटून नव्हे.

मित्रहो, १९५१ च्या जनगणनेत सध्याच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या होती २,४८७. दहा वर्षांनी, १९६१ साली ती झाली २७ लाख ८९ हजार. एका माणसाने उडी मारली आणि काठावरची माणसे पार झाली ती अशी. पण या आकड्यांपाठीमागे घराघरांत काय घडले ते आकडे सांगत नाहीत. ते आम्ही आमच्याच घरचे सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन मुंबईच्या एका कापड गिरणीत लागलेले. राहायला बी.डी.डी. चाळीत. नागपूरला जायला रजा मिळाली नाही. मुंबईत १६ डिसेंबरला दीक्षा समारंभ व्हायचा होता, त्याची ते वाट पाहत होते. त्याऐवजी ७ डिसेंबरला ते दादर चौपाटीवर अंत्ययात्रेत उभे होते. तिथे भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली, त्यांत आबा होते. घरी येऊन त्यांनी देव्हारा उतरवला. आमची आई भ्याली होती. तिच्या माहेरच्या देवीचा टाक तिने चार दिवस तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला आणि पाचव्या दिवशी स्वतः होऊन आबांच्या हाती दिला, असे ती पुढे हसत सांगे. आबा त्यापूर्वी पगाराच्या दिवशी पीत असत. त्या दिवसापासून पिणे बंद झाले ते शेवटपर्यंत. आबांना लिहिता-वाचता जेमतेम येत असे. सद्धा आणि पञ्ञा हे शब्द त्यांना व्याख्या म्हणून ठाऊक नव्हते.

आता कठीण गोष्टीकडे येतो. त्या काळी कायदा असा होता की केंद्र सरकारच्या नोकरीत अनुसूचित जातीची राखीव जागा पाहिजे तर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहून चालत नसे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, परंतु केंद्राचे दार बंद होते. ते १९९० च्या दुरुस्तीने उघडले. म्हणजे चौतीस वर्षे! चौतीस वर्षे आपल्या लोकांना धम्म की भाकरी असा प्रश्न अर्जाच्या एका रकान्यात सोडवावा लागला.

आमचे थोरले बंधू १९७५ च्या सुमारास केंद्राच्या एका कार्यालयात जागेसाठी गेले. शाळेत आबांनी त्यांच्या नावापुढे बौद्ध लिहिले होते. तिथल्या कारकुनाने आपुलकीनेच सांगितले की जुन्या जातीचा दाखला आणा, जागा तुमची. बंधू घरी आले. आबा एवढेच म्हणाले, "मी तुला अडवत नाही. तुझे तू ठरव." बंधूंनी दाखला नेला नाही. ते एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आबा पुन्हा कामावर गेलेच नाहीत, गिरणीनेच घेतले नाही. धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू, बंधूंच्या एकट्याच्या पगारावर सात माणसे. आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो. आमची पहिली-दुसरी गावच्या शाळेत झाली होती आणि तिथल्या गुरुजींनी रजिस्टरात जुनीच जात लिहून ठेवली होती. आम्ही गावी गेलो, तो दाखला काढला आणि १९८४ साली केंद्राच्या नोकरीत लागलो. हे आम्ही आज पहिल्यांदाच जाहीरपणे सांगत आहोत.

ज्यांनी असे केले त्यांना आम्ही दोष देत नाही. पोटाला चिमटा बसतो तेव्हा काय करावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. अन्याय कायद्यात होता. परंतु आमच्या स्वतःच्या मनाचे काय झाले तेवढे सांगतो. पहिला पगार आबांच्या हाती दिला तेव्हा ते म्हणाले, "बरे झाले. रविवारी वंदनेला येत जा." रागावले नाहीत, टोचून बोलले नाहीत. आणि आम्ही वंदनेला जाणेच बंद केले. जे तोंडाने म्हणायचे ते कागदावर नाकारलेले, मग म्हणायचे कसे? पुढची पाच-सहा वर्षे आमच्याकडे सारे काही होते. पगार होता, लग्न झाले, मुलगी झाली, कल्याणला भाड्याची का होईना वेगळी जागा झाली. तरी रोज लोकलमध्ये उभे राहून आम्हाला वाटे की हे सारे कशासाठी चालले आहे? ढवळलेले पाणी होते ते. तेव्हा असे नाव देता आले नसते.

त्याच वर्षांत आबा काय करीत होते? गिरणी गेली होती, फंडाचे पैसे संपले होते, चाळीतले त्यांच्या वयाचे कितीतरी गिरणी कामगार दारूत गेले. काही गावी गेले, काही खचून गेले. आबा रोज पहाटे उठून चाळीच्या विहाराची झाडलोट करीत. संध्याकाळी पोरांना जमवून दिव्याखाली बसवीत. स्वतःला शिकवता येत नव्हते, म्हणून मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे आणि यांनी फक्त दारात बसून आरडाओरडा होऊ द्यायचा नाही, अशी ती शाळा. एकदा आम्ही जरा त्रासूनच विचारले की यातून तुम्हाला काय मिळते? त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू हा प्रश्नच त्यांना समजला नाही. श्रद्धेने जीवनाला अर्थ येतो असे ग्रंथांत लिहितात. आबांना अर्थ शोधावा लागला नाही, कारण उद्या पहाटे काय करायचे ते त्यांना रात्रीच ठाऊक असे.

१९९० साली कायदा बदलला. त्यानंतर आम्ही कार्यालयात अर्ज करून आमच्या सेवापुस्तिकेत धर्माची नोंद बौद्ध अशी करून घेतली. वरिष्ठ म्हणाले, "आता कशाला? यात ना तुमचा फायदा ना तोटा." खरेच होते. फायद्याचे किंवा तोट्याचे असते तेव्हा आम्ही ते केले नव्हते. कोणतीही किंमत द्यावी लागणार नव्हती तेव्हा केले. म्हणून त्याची आम्ही कधी फुशारकी मारली नाही. ती किंमत आमच्या थोरल्या बंधूंनी दिलेली होती. नोंदीची नक्कल घेऊन आम्ही चाळीत गेलो. आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला, वाचता आले तेवढे वाचले आणि घडी घालून परत दिला. म्हणाले, "रविवारी येशील ना?"

१९९३ साली आबा गेले. त्यांची पहाटेची झाडलोट पुढे काही काळ आम्ही केली. मग बदली झाली, पुन्हा इकडे आलो, आणि आपल्या या मंडळात अभ्यासिकेचे काम हाती घेतले. निवृत्त होऊन पाच वर्षे झाली, काम चालू आहे. हे सांगताना स्वतःचा मोठेपणा सांगण्याचा हेतू नाही. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना ठाऊकच आहे की आम्ही तिथे मुख्यतः पंखे बंद करण्याचे आणि चपला नीट लावायला सांगण्याचे काम करतो.

आता पुन्हा विद्यार्थी मित्राच्या प्रश्नाकडे येतो. वंदना म्हटल्याने पेपर सोपा जाईल असे वाटत असेल तर ती अंधश्रद्धाच समजावी, मग समोर मूर्ती बुद्धाची का असेना. आपल्यातले काही लोक घरात बुद्धमूर्ती ठेवतात आणि घरभरणीला मुहूर्त काढून घेतात, मुलीची पत्रिका जुळवतात. त्यांची श्रद्धा मूर्तीच्या दगडावर आहे. जयंतीला कानठळ्या बसवणारा डी.जे. लावून पंचशीलातले पाचवे शील रस्त्यावर सांडणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. त्याचबरोबर दुसऱ्या टोकाची माणसेही आम्ही पाहतो. त्यांचे वाचन पुष्कळ असते, वादात ती कोणाला ऐकत नाहीत, पण सकाळी उठून करायचे असे त्यांच्यापाशी एकही काम नसते. आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात या दोघांनाही ओळखले आहे. श्रद्धा बळकट आणि प्रज्ञा दुबळी असेल तर माणूस नको तिथे विश्वास ठेवतो. प्रज्ञा बळकट आणि श्रद्धा दुबळी असेल तर तो धूर्तपणाकडे झुकतो, आणि औषधातूनच उद्भवलेल्या रोगासारखा तो बरा होणे कठीण. आम्ही १९८४ ते १९९० या काळात दुसऱ्या प्रकारात मोडत होतो, असे आम्हाला वाटते. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचे समर्थन तयार असे.

अभ्यासिकेतली कित्येक मुले स्पर्धा परीक्षेला बसतात. दोनदा, तीनदा, चारदा अपयश येते आणि चांगली चांगली मुले म्हणतात, काका, आता जगण्यात काही राम उरला नाही. (हा वाक्प्रचार आपल्या तोंडून सुटतच नाही, त्याला आमचा इलाज नाही.) मी पास होणारच असे घोकणे म्हणजे श्रद्धा, असे हल्ली व्याख्यानांतून शिकवतात. ती आशा आहे. आशा असू द्यावी, परंतु निकालाच्या दिवशी ती संपते. आबांची गिरणी गेली, तेव्हा त्यांची आशा संपलीच होती. विहाराचा केर काढणे मात्र संपले नाही.

म्हणून त्या मुलाला आमचे उत्तर असे आहे. तू वंदना म्हण असा आमचा आग्रह नाही. कापठिकाप्रमाणे विचार, अडव, भन्तेजींनाही विचार, ते रागावणार नाहीत. बाबासाहेबांना तपासायला एकवीस वर्षे लागली, तुला दोन-चार लागली तर बिघडत नाही. तपासून जे पटेल ते मात्र पटले म्हणून सांग आणि नाही पटले तर तसे सांग. पटलेले एखादे लहानसे काम आजपासून हाती घे. शुक्रवारी संध्याकाळी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवायला अभ्यासिकेत कोणी नाही, हे तुला ठाऊक आहे.

आमचे थोरले बंधू आज सभेला आले आहेत. ते मागे खांबाजवळ बसले आहेत. त्यांच्याविषयी बोलणार हे आम्ही त्यांना आधी सांगितले नव्हते. त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.